रिकाम्या जाळीतून जाणारा धूर

मा. परिवहन मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

वापरून झालेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गाडीच्या धुराच्या नळीतले धूर शुद्ध करणारे डबे, कापून आतले पदार्थ तपासणे हे माझे काम. परवा असाच एक डबा हलवून पाहिला, तर आत खडखडाट. पत्रा कापला. मधाच्या पोळ्यासारख्या, कॉर्डिएराइट या सिरॅमिकच्या जाळीचा पुढचा भाग वितळून काचेसारखा झाला होता, मागच्याचा चुरा. इंजिन मिसफायर होत राहिले की न जळलेले इंधन या जाळीत येऊन पेटते. गाडी मात्र रोज रस्त्यावर होती.

जाळी हा नुसता सांगाडा. तिच्यावर अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा) सच्छिद्र थर असतो. त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ १०० चौरस मीटरच्या वर भरते. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम, तेही मोजके काही ग्रॅम. पहिले दोन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळतात, ऱ्होडियम नायट्रोजन ऑक्साइड फोडते. पेट्रोल गाडीत ही तिन्ही कामे एकाच वेळी नीट होतात ती हवा आणि इंधनाचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास असेल तेव्हाच. ते हलले की सिरिया-झिर्कोनिया हे थरातले मिश्र ऑक्साइड जादा ऑक्सिजन साठवते आणि कमी पडला की सोडते. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच पदार्थ.

पण अति उष्णतेने धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात. वजन तेवढेच, काम करणारा पृष्ठभाग मात्र घटतो. इंजिन ऑइलमधला फॉस्फरस वर थर धरतो. बाहेरून डबा नवाच दिसतो.

म्हणून विनंती आहे. इंजिन जागेवर फिरत असताना फक्त कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजणाऱ्या तपासणीला ऱ्होडियम निकामी झाल्याचे कळतच नाही. नायट्रोजन ऑक्साइड मोजा, आणि इंजिनावर भार देऊन मोजा. बदली म्हणून विकल्या जाणाऱ्या कन्व्हर्टरवर कोणता धातू किती ग्रॅम आहे ते छापणे सक्तीचे करा. भट्टीत मुद्दाम जुना करून तपासल्याशिवाय तो विकू देऊ नका. धातू कमी घातला तर तो कोऱ्या डब्यात लपतो, जुना झाल्यावर उघडा पडतो. उतरवलेले कन्व्हर्टर भंगारात न जाता धातू परत काढणाऱ्यांकडे पोचावेत. ऱ्होडियमच्या खाणी जगात फार थोड्या आहेत.

तो कापलेला डबा मी जपून ठेवला आहे. भेटीची वेळ दिलीत तर सोबत घेऊन येईन.

आपला विश्वासू,
एक पदार्थ संशोधक