थेरपी वर्गात येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. अशा मुलांना इतरांबरोबर एकाच वर्गात शिकता यावे, असे तो कायदा सांगतो. मुले वर्गात आली, थेरपी मात्र व्हरांड्यातच राहिली. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, मराठी शाळांत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. थेरपिस्टने यायचे, मुलाला बाहेर नेऊन अर्धा तास सराव घ्यायचा, नोंद करून पुढच्या शाळेची बस धरायची, अशी रीत पडली आहे. मूल परत येते तोवर गणित पुढे गेलेले असते आणि सराव कसला झाला, हे गुरुजींना माहीत नसते. मग मूल थेरपिस्टसमोर बोलते आणि वर्गात गप्प बसते.

खरे तर मुलाची जास्त माहिती शाळेतल्या माणसांनाच असते. एका मुलाबद्दल अक्षरदासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकीण मावशींनी मला सांगितले, ‘बाई, भात नीट खातो, पण पाणी पिताना दर घोटाला ठसकतो.’ असा ठसका गिळण्याच्या त्रासाची खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. कुठल्याही फॉर्ममध्ये हे दिसले नसते.

सीमाभागात तर एकमेकांना विचारल्याशिवाय गत्यंतरच नाही. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची तपासणी फक्त कन्नडमधून झाली, तर ‘बोलण्यात मागे’ असा शेरा बसायला वेळ लागत नाही. खरा वाचादोष असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो. म्हणून आधी आईला आणि वर्गशिक्षकांना विचारावे. ‘घरी मराठी बंद करा’ असा सल्ला तर कोणीच देऊ नये. त्याने बोलणे सुधारत नाही, उलट आई-मुलाचे बोलणे आटते.

शिक्षकांवर सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आहेतच. दोनशिक्षकी शाळेत चार-पाच वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींच्या हाती आणखी एक रजिस्टर देऊ नये. त्यापेक्षा थेरपिस्टने वर्गात बसावे. मी कवितेच्या तासाला बसते. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, तेव्हा ‘र’ आणि ‘ळ’चा सराव त्या एकट्या पोराचा राहत नाही, आणि तो मोठ्याने म्हणतो!

माझी मागणी साधी आहे. महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, वर्गशिक्षक, थेरपिस्ट, तालुक्याचे बीआयईआरटी, म्हणजे दिव्यांग मुलांसाठी नेमलेले विशेष शिक्षक, आणि पालक यांनी तासभर एकत्र बसावे. हा तास सर्वांच्या कामाच्या वेळेत धरला जावा. पालकांना बोलावण्याची जबाबदारी एसडीएमसीने, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीने, घ्यावी. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी नव्या शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकातच त्याची सोय करावी, ही विनंती.

आपली,
एक शालेय थेरपिस्ट, खानापूर