धुराच्या मागची माणसं

नौपाडा, ठाणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला डब्ल्यूपी या वाफेच्या इंजिनाचा फोटो मिळाला. ते टोकदार नाक, त्यावरचा तारा आणि वर आभाळ झाकून टाकणारा काळाकुट्ट धूर. मी लगेच तो आमच्या मजल्यावरच्या काकांना नेऊन दाखवला. काका भुसावळच्या स्टीम शेडमध्ये फिटर होते, आता मुलाकडे इथे असतात. वाटलं, खूश होतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकाशी धरला आणि म्हणाले, "फायरमन कच्चा दिसतोय."

काळा धूर म्हणजे न जळता वाया गेलेला कोळसा, अरे! आपण ज्यावर जीव टाकतो, त्याच धुरासाठी शेडमध्ये फायरमनची, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणाऱ्याची, हजेरी घेतली जायची. मुरलेला गडी बेलच्यानं थोडा थोडा, पण सारखा कोळसा टाकतो. जाळीभर पातळ थर, कोपरे आधी. ढीग ओतला की हवा कोंडलीच. आणि विस्तवाला हवा कोण देतं? तर सिलिंडरमधून काम करून आलेली वाफ. ती चिमणीखालच्या नळीतून जोरात सुटते आणि सुटताना फायरबॉक्समधला, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीतला, जाळ बॉयलरच्या नळ्यांतून ओढून घेते. ती भकभक म्हणजे हाच भाता. इंजिन घाटात जितकं ओढेल, तितका विस्तव फुलणार. शाळेत आपल्याला किटलीचं झाकण उडतं एवढंच शिकवलं, ही खरी गंमत कुणी सांगितलीच नाही.

मग काका खुलले. बॉयलर धुण्याची गोष्ट तर त्यांनी हातवारे करून सांगितली. ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करायचं, खालचे प्लग उघडायचे, पाण्याच्या माऱ्यानं आणि सळ्यांनी आतला क्षार खरवडून काढायचा. पाणी जड असलं की पापुद्रे निघत. नीट निवायच्या आतच कुणीतरी ओलं गोणपाट पांघरून कोळशाच्या दारातून फायरबॉक्समध्ये शिरायचं आणि नळ्यांची तोंडं गळतात का ते बघायचं. दार केवढं? काकांनी दोन्ही हातांनी दाखवलं. माझं पोट काही त्यातून गेलं नसतं.

आत छताला शिशाचा प्लग असतो. बॉयलरमधलं पाणी त्या छताखाली उतरलं की शिसं वितळतं, वाफ खाली विस्तवावर येते आणि मोठा अनर्थ टळतो. "पण प्लग गेला की चार्जशीट आलीच," काका म्हणाले. बॉयलर वाचला तरी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर नजर का नव्हती, हा प्रश्न ड्रायव्हर-फायरमनला चुकत नसे.

आता आपल्या ठाण्याचं बघ. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदरहून निघालेली गाडी, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे. साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनांची नावं इथल्या पोरांनाही पाठ. पण त्या तिघांत कोळसा कुणी टाकला, आदल्या रात्री विस्तव कुणी पेटवला? थंड बॉयलरला वाफ धरायला तासच्या तास लागतात, म्हणजे कुणीतरी रात्र जागवली असणारच. पाहुण्यांचा थाट सगळे सांगतात, या जागरणाचा उल्लेख मला कुठे सापडलेला नाही. त्यात इथली वाफ लवकरच गेली. १९२५ ला व्हीटी-कुर्ला विजेवर आलं आणि पाठोपाठ काही वर्षांत आपली मेन लाइनही. त्यामुळे शेडमधली माणसं भेटायची तर भुसावळ, मनमाडकडचीच. तीही आता ऐंशीच्या पुढची.

माझं स्पष्ट मत सांगू? रंग फासून चौथऱ्यावर उभं केलेलं इंजिन मला फारसं भावत नाही. हरियाणातल्या रेवाडीला अजून वाफेवर चालणारी इंजिनं सांभाळतात, तिथे एकदा जायचंच. पण त्याआधी तू इकडे ये. शनिवारी आलास तर उत्तम, काकांचा मुलगा घरी असतो आणि त्यांना खाली बागेपर्यंत आणता येतं. तुझा तो रेकॉर्डर आण. प्रश्न लिहून आणू नकोस, ते "विचारा" म्हणाले की गप्प होतात. फोटो मात्र भरपूर आण, चुका काढताना त्यांची गाडी जोरात सुटते.

वहिनींना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुझा,
विनू