त्या पोराला मधे खेळवा

महोदय,
रविवारी शाहू स्टेडियमवर पुन्हा तेच झालं. आमच्या पेठेच्या पोरानं दोन डिफेंडर सहज मागं टाकले आणि मोकळा गोलपोस्ट समोर असताना चेंडू बारवरून मारला. गॅलरीतून लगेच शिव्या. नंतर चहाच्या गाड्यावर तासभर एकच वाद: पायात जादू आहे पण उपयोग काय, बसवा त्याला बाहेर!

मला हे अजिबात पटत नाही. गेल्या हंगामात तो मधे, गोल मारणाऱ्या स्ट्रायकरच्या मागं मोकळा खेळायचा. यंदा त्याला मैदानाच्या कडेला, टचलाइनला नेऊन बांधलंय, वर मागं येऊन समोरच्या खेळाडूला अडवायचं मार्किंगही त्यानंच करायचं. सकाळी कामावर जाऊन तो दुपारी मैदानात उतरतो. उन्हानं मैदान दगडासारखं झालंय. बूट काढताना त्याचा सुजलेला घोटा मी जवळून पाहिलाय. आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताची जर्सी घातली, तेव्हापासून प्रत्येक गुणी पोराकडून आपण तेच मागतो, आणि तेही लगेच.

प्रशिक्षकांनी त्याला दोन सामने मधे खेळवून बघावं. आणि शिव्या देणाऱ्यांनी जरा आजूबाजूला बघावं. त्याचे वडील तिथंच, खालच्या पायरीवर बसलेले असतात.

– एक फुटबॉलप्रेमी, मंगळवार पेठ, कोल्हापूर