तुम्ही ठेवलेलं ते बोट

आदरणीय ताई,

परवा एक लांबलचक इंग्रजी पत्र लिहून पाठवलं. पाठवल्यावर लक्षात आलं, अ‍ॅपॉस्ट्रॉफीपाशी, म्हणजे शब्दात वरच्या बाजूला येणाऱ्या त्या स्वल्पविरामासारख्या चिन्हापाशी, माझा हात एकदाही अडखळला नाही. इतकी वर्षं अडखळत होता. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला लिहायचं.

शाळेपासून त्या चिन्हाभोवती लाल गोल पडत आले. अनेक मुलगे, एका मुलाचं, अनेक मुलांचं, तिन्हींना इंग्रजीत 'बॉइज'च म्हणायचं. कानाला काही फरक नाही. मग कळायचं कसं? विचारलं की उत्तर ठरलेलं, "नियम पाठ कर." पुढे नोकरीत एका वरिष्ठांनी माझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं आणि "एवढं साधं येत नाही?" म्हणून हसले. साधं होतं तर एकदा समजावून सांगायचं होतं! त्या दिवसापासून मी चिन्हच टाळायला लागले. जिथे तिथे 'ऑफ' घालून वाक्यं ताणायची.

तुम्ही हसला नाहीत. लाल पेनही उचललं नाहीत. चिन्ह आणि त्याच्या पुढचं अक्षर बोटाने झाकलंत आणि म्हणालात, "आता उरलं ते वाच. मालक तोच." उरला 'बॉय', म्हणजे एक मुलगा. मग चिन्ह एसच्या पलीकडे काढून पुन्हा झाकलंत. आता 'बॉइज' उरले, म्हणजे पुष्कळ. 'चिल्ड्रन'लाही मी आधी एस आणि मग चिन्ह दिलं होतं. झाकल्यावर 'चिल्ड्रन्स' उरलं, आणि असा अनेकवचनी शब्दच नाही हे माझं मलाच दिसलं. तुम्ही गप्प राहून मला ते पाहू दिलंत, ताई. ते मी विसरणार नाही.

"'मुलाची खोली' आणि 'मुलांची खोली' यात आपण काय करतो? एक टिंब देतो. ते चिन्ह सरकवतात," असं म्हणालात आणि माझी भीतीच गेली. आपली षष्ठीच की ही! जुन्या इंग्रजीत पुष्कळ नामांना 'चा'साठी ई-एस लागायचं, 'स्टानेस' म्हणजे दगडाचा. पुढे तो ई गळला, आणि हे चिन्ह त्या गळलेल्या ईची जागा दाखवतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. 'इट्स'चा गोंधळ तर एका वाक्यात मिटला: 'हिज'ला चिन्ह नाही, 'हर्स'ला नाही, तसंच 'त्याचं' या अर्थाच्या 'इट्स'लाही नाही, चिन्ह दिसलं तर तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' दडलेलं आहे.

हुशार माणसं मला खूप भेटली. समोरच्याला लहान न करता शिकवणारं माणूस मात्र क्वचित भेटलं. त्या दहा मिनिटांत तुमचं स्वतःचं काम टेबलावर तसंच पडून होतं, तरी तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

तुम्ही उठलात तेव्हा माझा घसा दाटून आला होता, नुसती मान हलवली. म्हणून आज लिहून सांगते. ताई, मनापासून आभार.

तुमची,
'ऑफ'वाली सहकारी