शुभास, मार्सेयहून (फ्रान्स)

प्रिय शुभे,

गणपतीनंतर तुला एक ओळ नाही लिहिली. चिडली असशील, चीड. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात. पण काल रात्रीचं तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्राजूला सांगून बघितलं, तिला ते पोचलं नाही.

तिने मला इथल्या 'ल सिलो'त गाण्याला नेलं. बंदराला लागूनच आहे, आरांक भागात. 1920च्या दशकात बांधलेलं गव्हाचं कोठार. बोटींतून उतरलेला गहू इथे साठायचा. पुढे काम बंद पडलं. 2004 साली विसाव्या शतकाचा वारसा म्हणून त्याची नोंद झाली आणि 2011 मध्ये तिथे दोनेक हजार माणसांचं सभागृह उघडलं. काँक्रीटचा सांगाडा तसाच ठेवलाय. आत शिरलीस की डोक्यावर कोठाराचे तळ दिसतात. आपल्या कोपऱ्यावरच्या चक्कीत धान्य ओतायचं नरसाळं असायचं ना, तसले, पण एकेक आपल्या खोलीएवढा. मी मान वर करून बघतच राहिले.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचे वडील याच कोठारात कामाला होते म्हणे. प्राजू मला त्यांचं बोलणं मराठीत सांगत होती आणि मी त्यांचे हात बघत होते. वडील घरी कसे यायचे ते दाखवताना त्यांनी दोन बोटांनी भुवई चिमटीत धरली आणि धूळ झटकली. शुभे, अगदी तुझे आप्पा! दुसऱ्या पाळीवरून आले की मोरीत उभे राहून भुवयांतला कापूस काढायचे, आणि आपण "आप्पा म्हातारे झाले" म्हणून ओरडायचो. पुढचा अर्धा तास गाणं माझ्या कानात शिरलं नाही.

आता तू म्हणशील, आली परत चिमणीवर. मिलची चिमणी पाडली तेव्हा "चिमणी काय शिजवून खायची?" म्हणालीस आणि आपण गौरी येईपर्यंत बोललो नाही. तो राग मला अजून आहे, सांगून ठेवते. तुमच्या घरात संपानंतर काय दिवस निघाले ते मी पाहिलेत, तरी आहे. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार 1982च्या जानेवारीत संपावर बाहेर बसले आणि मिलच्या जागी आता मॉल आहेत, तिथे आप्पा चहा प्यायला बसले तर वॉचमन बघतो.

पण काल मला घोर लागला तो भिंतींचा नाही. ल सिलोच्या भिंती छान राखल्यात, पण तिथे काम कसं चालायचं हे मला त्या म्हाताऱ्यांकडून कळलं. ते नसते तर मी नरसाळी बघून परत आले असते. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिका गिरण्यांचं संग्रहालय करतेय. उद्या तिथे विणायचे साचे ठेवतील, दिवे सोडतील. पण धागा तुटला की साचा थांबायच्या आत हात कुठे घालायचा, कामाच्या आशेने आलेल्या बदलीवाल्याला मुकादम दारातून कसा परत पाठवायचा, धोटा उडून डोळ्याला लागला तो कुणाच्या, हे कोण सांगणार? माझे बाबा काहीच न बोलता गेले. आपल्या मजल्यावर आता आप्पाच उरलेत.

तू फोनवर म्हणालीस, संपाचा विषय निघाला की त्यांना खोकला येतो, रात्री झोपत नाहीत. खरं आहे. पण मागच्या वेळी मी नुसतं "त्रासनखात्यात सूत कातताना गरम किती व्हायचं हो?" विचारलं तर दोन तास बोलले, खोकला कुठे पळाला देव जाणे. संपाचं मी काढणारच नाही. साच्यांचं विचारेन, बाकी ते स्वतः काढतील तेवढंच.

पुढच्या महिन्यात येतेय. प्राजूचा रेकॉर्डर घेऊन येते. सकाळचा चहा झाल्यावर ते ताजे असतात, तीच वेळ धरू. आधी त्यांना विचार, माझं नाव सांगून विचार. नको म्हणाले तर जबरदस्ती नाही, पण तू त्यांच्या वतीने नको म्हणू नकोस. आणि दादाला मध्ये घालू नकोस, तो लगेच पैशांचं काढेल.

मिहिरचं काय ठरलं, बेंगळुरूच? टॉवरचा ताबा दिवाळीत मिळणार होता ना? गुडघ्याला तेल चोळत जा, डॉक्टर बदलून काही होत नाही. वहिनीला कुळथाचं पीठ दळून ठेवायला सांग, मी नेणार आहे.

तुझी,
वैजू