मामा, त्या दिवशी चार नंबरची बस अडवलीत म्हणून

आदरणीय मिस्त्री मामांना,
सादर नमस्कार.

पत्र जरा लांबलंय. चष्मा अजून बदलला नसेल तर नातीकडून वाचून घ्या. घरी पाठवायच्या ऐवजी सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत हे आमच्या पालकांनाच माहीत नाही. त्यांना एवढंच आठवतंय की शाळा सुरू झाल्या झाल्या एक दिवस चार नंबरची बस आली नाही आणि मुलं दीड तास उशिरा पोचली. त्या दिवशी मला एकोणतीस फोन आले. एकालाही मी खरं कारण नीट सांगू शकले नाही. आज सांगते.

आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरने सांगितलं होतं की ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. मी वहीत लिहून घेतलं आणि सकाळची फेरी झाल्यावर बघू म्हणाले. चूक माझी होती. सकाळी सव्वासहाला तुम्ही वही चाळलीत, ती ओळ वाचलीत आणि ड्रायव्हरला खाली उतरवलंत. डावीकडे ओढते म्हणून मला वाटलं डावं चाक खोलाल. तुम्ही जॅक लावला उजव्या चाकाला. ‘‘डावीकडं वढती म्हंजे उजवा ब्रेक धरत न्हाई,’’ म्हणालात. ड्रम निघाला. हबचं ऑइल सील फुटलं होतं आणि ग्रीस लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या ब्रेकच्या अस्तरावर, उतरलं होतं. तुम्ही मला जवळ बोलावलंत, लायनरवरून बोट फिरवायला सांगितलंत. बोट काळं झालं, आणि कुठे अडलंच नाही, लोण्यावरून फिरवल्यासारखं सरकलं. ही बस पन्हाळ्याच्या उताराला जाते. बाहेर पाऊस होता.

वरून फोन आला, पुसून घ्या आणि आजची एक फेरी होऊ द्या. फोन माझ्या हातात होता, तुमच्याकडे बघत मी निरोप सांगितला. तुम्ही आवाजही चढवला नाहीत. ‘‘लायनर तेलकट झालं की पुसून भागत न्हाई ताई, टाकूनच द्यायचं असतंय.’’ मग किल्ली सदऱ्याच्या खिशात घातलीत आणि बसच्या पायरीवर बसून राहिलात, उद्यमनगरातली सुट्या भागांची दुकानं उघडेपर्यंत. सात नंबरच्या बसने दोन फेऱ्या करून मुलं आणली. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंची लायनर बदलून झाली होती. एकाच बाजूची बदलली तर गाडी पुन्हा ओढणार, हे मला तुमच्यामुळे त्या दिवशी कळलं.

मामा, मी या शाळेत नऊ वर्षं वाहतुकीचं काम बघते. 2011 ची स्कूल बसची नियमावली मला जवळपास पाठ आहे. पिवळा रंग, वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं सिलिंडर, मुलींसाठी बाईमाणूस, संकटकाळी बाहेर पडायचं दार, सगळं तपासून घेते. शालेय परिवहन समितीच्या बैठकीत पालक जीपीएसचं विचारतात, कॅमेऱ्याचं विचारतात, ड्रायव्हरच्या वागणुकीचं विचारतात, आणि विचारायलाच हवं. पण गाडीखाली कोण झोपतो, हे नऊ वर्षांत मला एकाही पालकाने विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही की आमच्याकडे दोन वर्षांपासून तिथे कुणी झोपतच नव्हतं.

अकरा बस आणि तीन मेकॅनिक, अशी आमची घडी होती. मार्च 2020 ला शाळा बंद पडल्या आणि बस पटांगणात उभ्या राहिल्या त्या दीड वर्षाहून जास्त. बॅटऱ्या उतरल्या, ब्रेक शू ड्रमला धरून बसले, डिझेलच्या टाक्यांत पाणी झालं. गाडीला सांगता येतं थांब म्हणून, माणसाला पोट असतं. एक जण चाकणला कंपनीत गेला. एकाने पोकलेन चालवायला घेतलं. तिसरा, सगळ्यात जुना, शाळा उघडल्यावर परत आला, पण त्याची कंबर गेलेली होती. त्याने वर्षभर ओढलं आणि थांबला. त्या तिघांवर माझा राग नाही. उभ्या गाड्यांचा पगार आम्ही देऊ शकलो नव्हतो.

नंतर माणूस मिळेना. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकची दोन वर्षं करून बाहेर पडणारा मुलगा कंपनीत अप्रेंटिस म्हणून जातो. तिथे कँटीन असतं, ठरलेली पाळी असते, रविवारची सुट्टी असते. आमच्याकडे गाडी हातात येते सकाळची फेरी संपल्यावर, आणि दुपारी परत द्यावी लागते. मोठं काम निघालं की ते रात्री किंवा रविवारी. मे महिन्यात सगळं गाव लग्नात जेवत असतं, तेव्हा आमच्या गाड्यांचं वर्षाचं काम निघतं, कारण शाळा उघडायच्या आत फिटनेस, आरटीओची तपासणी सगळं उरकायचं असतं. हे ऐकून समोरचा मुलगा पगार किती म्हणून विचारायचा, मी आकडा सांगायचे आणि तो नमस्कार करून निघायचा. त्याचंही बरोबर होतं. मग आम्ही बाहेरच्या गॅरेजवर गाड्या टाकायला लागलो. तिथेही कारागीर कमीच. आमची गाडी ट्रकांच्या मागे रांगेत.

अशात एप्रिलमध्ये कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले, आता शेत बघतात, येणार नाहीत. मी तरीही आले. काकूंनी चहा दिला आणि तुम्ही फक्त एकच विचारलंत, ‘‘पोरं किती हायत?’’ मी म्हणाले, चारशेच्या वर. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तुम्ही स्वतःचे पाने घेऊन पटांगणात उभे होता.

मे महिनाभर तुम्ही काय काय केलंत त्याची यादी इथे देत नाही, ती वहीत आहे. एक गोष्ट मात्र सांगते. आमच्या बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही प्रत्येक बसच्या काट्यावरची ती हवा माझ्याकडून लिहून घेतलीत. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी पुन्हा लिहायला लावलीत. नऊ गाड्यांची हवा थोडीशीच उतरली होती. दोन गाड्यांचे काटे पार तळाला. मग मगात साबणाचं पाणी, दाढीचा जुना ब्रश, आणि तुम्ही गाडीखाली. पाइपाच्या जोडावर ब्रश फिरवायचात आणि जिथे बुडबुडे यायचे तिथे खडूची खूण. मी वाकून बघत होते. मुलं साबणाचे फुगे करतात तेवढाले ते बुडबुडे. या गाड्या मी रोज रस्त्यावर पाठवत होते, मामा. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि ज्या दोन नव्या गाड्या बीएस-6 च्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या आहेत, त्यांच्यापाशी आल्यावर तुम्ही सरळ म्हणालात, यातलं मला येत नाही. तो सेन्सर, ती युरियाची टाकी, स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही, माणूस बोलवा. कामाला इतकी वर्षं दिलेला माणूस इतक्या मोकळेपणी ‘येत नाही’ म्हणतो, हे आमच्या हेल्पर पोराने पाहिलं. तो एकोणीस वर्षांचा, आयटीआय झालेला, चाकणची वाट बघत आमच्याकडे टायर काढणारा. स्कॅनरवाला आला तेव्हा तुम्ही त्याला पुढे बसवलंत आणि स्वतः मागे उभे राहून ऐकलंत. आता स्कॅनर तो लावतो. लायनरची जाडी बघायला, हवा ऐकायला, बेअरिंग हाताने फिरवून खरखर ओळखायला तुम्ही त्याला शिकवलंत. तो मार्चपर्यंत थांबतो म्हणालाय. पुढचं त्याचं त्यालाही माहीत नाही. मी त्याला अडवणार नाही, पण पगार वाढवून मागितलाय, त्याच्यासाठी आणि आणखी एका माणसासाठी. समितीसमोर तो अर्ज वाचताना मी चार नंबरचं ते जुनं लायनर टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना बोट फिरवायला सांगितलं. एक जागा मंजूर झाली. दुसरीसाठी दिवाळीनंतर पुन्हा बसणार आहे.

तुम्हाला दिलेलं पाकीट तुम्ही अर्धं परत केलंत, गाडीभाडं आणि सामानाचे धरून बाकी नको म्हणालात. ते बरोबर नव्हतं, मामा. तुमच्यासारखी माणसं कमी घेतात म्हणून आमच्यासारख्या शाळांना वाटतं की हे काम स्वस्त आहे. ते पैसे मी वेगळे ठेवलेत आणि तुम्हाला घ्यावेच लागतील.

त्या दिवशी चार नंबरमधून चौतीस मुलं यायची होती. ती सगळी दीड तास उशिरा आली, ओली झालेली, कुरकुरत, प्रार्थना चुकली म्हणून काही जण खुशीत. त्या दीड तासाबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

खंडेनवमीला पटांगणात पान्यांची आणि गाड्यांची पूजा आहे. नारळ तुम्ही फोडायचा, असं सगळ्या ड्रायव्हरांनी ठरवलंय. काकूंनाही आणा. सकाळी साडेआठला तुम्हाला न्यायला चार नंबर येईल. पोराने काल तिची हवा दोन्ही वेळा लिहून ठेवलीय, काट्यावर संध्याकाळची आठ, सकाळची साडेसात.

तुमची,
शाळेतली ताई

ता. क. तुमचा बारा-तेराचा पाना आमच्या पेटीत राहिलाय. त्या दिवशी देते.