संहिता नको, नियमावली द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

२६ नोव्हेंबरचा संविधान दिन जवळ आला की शाळा-महाविद्यालयांत अभिरूप विधानसभांची, म्हणजे मुलांनीच आमदार-मंत्री होऊन भरवलेल्या सभागृहांची, तयारी सुरू होते. राज्यशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. निवृत्तीनंतरही परीक्षक म्हणून अशा सभांची बोलावणी येतात आणि मी आवर्जून जातो. मुलांची हौस आणि शिक्षकांची धडपड यांविषयी मला मनापासून आदर आहे. म्हणूनच हे लिहितो आहे. आपण मुलांच्या हाती नाटकासारखी आधीच लिहिलेली संहिता देतो, नियम देत नाही. त्यामुळे मंचावर जे घडते ते स्नेहसंमेलनातले नाटुकले होते, सभागृहाचे कामकाज होत नाही.

बहुतेक ठिकाणी एकच पद्धत असते. कोणी कोणता प्रश्न विचारायचा, मंत्र्याने काय उत्तर द्यायचे, विरोधकांनी कोणत्या वाक्याला वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरायचे आणि सभात्याग कधी करायचा, हे सगळे महिनाभर आधी लिहून होते. मुले पाठांतर करतात. विधेयक शेवटी बहुमताने संमत होते, कारण शेवटच्या पानावर तसे लिहिलेले असते.

गेल्या वर्षी एका कनिष्ठ महाविद्यालयात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालणारे विधेयक होते. मंत्र्यांचे भाषण झाले आणि विरोधी बाकावरचा अकरावीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘अध्यक्ष महोदया, आठवडी बाजारातल्या भाजीवालीला आणि मोठ्या मॉलला एकच दंड कसा? दंडाच्या कलमात मला दुरुस्ती सुचवायची आहे.’ अध्यक्षपदी बसलेल्या मुलीने हातातली पाने पुढे-मागे चाळली. विंगेतून बाईंचा दबका आवाज आला, ‘ते आपल्यात नाहीये, पुढे चल.’ ती पुढे गेली, मुलगा खाली बसला. त्या तासाभरात विधिमंडळाचे खरे काम तेवढेच झाले होते आणि नेमके तेच थांबले. बाईंना मी दोष देणार नाही. दुरुस्ती आली तर काय करायचे हे सांगणारा कागदच तिथे कोणाकडे नव्हता.

या उपक्रमाचा उगम बऱ्याच शिक्षकांना ठाऊक नसतो. १९६२ साली आपल्या मुंबईत चौथी अखिल भारतीय प्रतोद परिषद भरली होती. शिक्षणसंस्थांत अभिरूप संसद भरवावी अशी शिफारस त्या परिषदेने केली आणि १९६६-६७ पासून दिल्लीतल्या शाळांत युवा संसदेच्या स्पर्धा सुरू झाल्या. प्रतोद म्हणजे सदस्यांना सभागृहात हजर ठेवणारा, मतांचा हिशेब राखणारा माणूस. कार्यपद्धतीत मुरलेल्या अशा लोकांनी ही सूचना केली होती. मुलांनी नेत्यांसारखे हातवारे करावेत एवढीच त्यांची अपेक्षा असेल असे मला वाटत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद २०८ ने राज्य विधिमंडळाला आपले नियम आपणच करण्याचा अधिकार दिला आहे. तोच धागा धरावा. अभिरूप विधानसभेच्या पहिल्या बैठकीत मुलांनी आपली नियमावली वाचावी, तीवर बोलावे आणि ती मताने संमत करावी. चार पाने पुरतात. पण खऱ्या नियमांतले आकडे जसेच्या तसे उचलून चालत नाही. लोकसभेत अविश्वासाचा प्रस्ताव दाखल करून घ्यायला ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो. साठ मुलांच्या सभागृहात ती अट ठेवली तर प्रस्ताव कधीच दाखल होणार नाही. तिथे प्रमाण काढावे लागते. गणपूर्तीचे, म्हणजे कामकाजासाठी किमान किती सदस्य हजर हवेत याचे, मात्र सोपे आहे. अनुच्छेद १८९ म्हणतो, दहा सदस्य किंवा एकूण संख्येचा दहावा हिस्सा, यांत जे जास्त असेल ते. २८८ जणांच्या आपल्या विधानसभेला त्यामुळे २९ लागतात, साठ मुलांच्या सभागृहाला १०. दुपारच्या सुटीनंतर मुले कमी झाली तर सचिवाने उठून अध्यक्षांच्या नजरेस आणावे आणि कामकाज थांबावे. अनुच्छेदाचे पाठांतर करून जे कळत नाही ते त्या पाच मिनिटांत कळते.

प्रश्नोत्तराच्या तासाबद्दल थोडक्यात सांगतो. मूळ प्रश्न लेखी आणि आठवडाभर आधी द्यावा, उत्तरही लेखी तयार असावे. त्या उत्तरावर आयत्या वेळी विचारलेले पुरवणी प्रश्न मात्र मंत्र्याला आधी कळता कामा नयेत. लोकसभेत मूळ प्रश्नकर्त्याला सहसा दोन पुरवणी प्रश्न मिळतात, तेवढे इथेही ठेवावेत. मग पाणीपुरवठा मंत्री झालेल्या मुलाला ग्रामपंचायतीत जाऊन टाकीची क्षमता आणि नळजोडण्यांची संख्या विचारून यावे लागेल, कारण समोरून काय येईल हे त्याला ठाऊक नसेल.

विधेयकाच्या टप्प्यांवर मात्र मला जरा रेंगाळायचे आहे, कारण आपल्याकडे ते सरसकट गाळले जातात. विधेयक आधी पुरःस्थापित होते, म्हणजे सभागृहात मांडले जाते. दुसऱ्या वाचनात ते विचारात घ्यावे की नाही यावर, म्हणजे त्याच्या तत्त्वावर चर्चा होते. मग खंडशः, म्हणजे विधेयकातल्या एकेका कलमाचा विचार. अध्यक्ष एकेक खंड मतास टाकतात, त्या खंडाला आलेल्या दुरुस्त्या आधी घेतात आणि नंतर ‘खंड २ विधेयकाचा भाग व्हावा’ यावर मत घेतात. खंड १ सगळ्यांत शेवटी येतो. मुलांना याचे नवल वाटते. कारण सांगितले की त्यांचे डोळे चमकतात : खंड १ मध्ये कायद्याचे नाव, व्याप्ती आणि तो कधी लागू होणार हे असते. पुढच्या खंडांत काय बदल झाले हे कळल्याशिवाय ते पक्के करता येत नाही. दुरुस्तीचाही एक सुंदर नियम आहे. जिचा परिणाम फक्त नकार देण्याइतकाच असेल अशी दुरुस्ती मांडता येत नाही. खंड नकोच असेल तर त्याच्या विरोधात मत द्यावे. दुरुस्ती आणायची तर काय बदलायचे ते शब्दांत लिहून द्यावे लागते. नुसता विरोध आणि पर्याय यांतला फरक शिकवायला याहून चांगला पाठ मला पुस्तकात सापडलेला नाही. भाजीवालीविषयी बोलणाऱ्या त्या मुलाकडे असा पर्याय होता. दुरुस्त्या आदल्या दिवशी लेखी घ्याव्यात, एवढा एक नियम त्याला पुरला असता.

मतदान तर गंभीरपणे होतच नाही. अध्यक्ष ‘होय’चे बहुमत म्हणतात आणि टाळ्या पडतात. आवाजी मतदानाचा निकाल मान्य नसेल तर मतविभागणी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मतांची प्रत्यक्ष मोजणी, मागता येते, पण ती कोणत्या क्षणापर्यंत, हे नियमात स्पष्ट हवे. महाराष्ट्राने हे अनुभवले आहे. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक प्रस्ताव आवाजी मतदानाने संमत झाला. विरोधकांनी मतविभागणीचा आग्रह धरला आणि ती मागणी वेळेत झाली होती की नाही यावर मोठा वाद पेटला. मत कोणाचेही काहीही असो, अख्ख्या राज्याचे लक्ष त्या दिवशी कार्यपद्धतीच्या एका नियमावर खिळले होते. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले, तेही मोजणी झाली म्हणूनच. लोकसभेत मतविभागणीपूर्वी साडेतीन मिनिटे घंटा वाजते. शाळेत दोन मिनिटे वाजवावी, दारे लावून घ्यावीत, मुलांना जागेवर उभे करून मोजावे आणि आकडा फळ्यावर लिहावा.

दुसरी गोष्ट निलंबनाची. परवानगी असल्यासारखे प्रत्येक संहितेत हे दृश्य असते : अध्यक्ष ओरडतात, मार्शल येतात, ‘आमदारा’ला उचलून बाहेर नेतात आणि प्रेक्षागृह हसते. मुले त्यातून शिकतात की अध्यक्षाला मनात येईल ते करता येते. ५ जुलै २०२१ रोजी विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला, कारण निलंबन चालू अधिवेशनापलीकडे नेता येत नाही. सदस्य बाहेर राहिला की त्याचा मतदारसंघ मुका होतो, हा त्यामागचा विचार. विधानसभेच्या नियम ५३ मध्ये शिक्षेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : आधी त्या दिवसापुरते बाहेर, पुन्हा तसेच घडले तर उरलेल्या अधिवेशनापुरते. अध्यक्ष झालेल्या मुलीला या पायऱ्या माहीत असल्या तर ती ओरडणार नाही. नियमाचा क्रमांक सांगेल.

हरकतीच्या मुद्द्यालाही हेच लागू आहे. तो नियमाच्या अर्थाविषयी किंवा अंमलबजावणीविषयीच घेता येतो आणि त्या क्षणी सभागृहापुढे असलेल्या कामाशी त्याचा संबंध असावा लागतो. माहिती विचारण्यासाठी तो नसतो. आमच्याकडे मुले दर दोन मिनिटांनी ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ म्हणून उठतात आणि भाषण सुरू करतात. नियमाचा क्रमांक सांगितल्याशिवाय मुद्दा ऐकायचा नाही असे ठरवले तरी निम्मा गोंधळ थांबेल. अध्यक्षांनी दिलेला प्रत्येक निर्णय सचिवाने वहीत उतरवावा आणि ती वही पुढच्या वर्षीच्या अध्यक्षाला द्यावी. पूर्वीच्या निर्णयांचा आधार कसा घेतात, हे त्यातून आपोआप रुजेल.

पुण्या-मुंबईच्या काही शाळांत आणखी एक सरमिसळ दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या धर्तीवरच्या विद्यार्थी परिषदांमधली ‘मॉडरेटेड कॉकस’ची, म्हणजे ठरलेल्या विषयावर थोडा-थोडा वेळ बोलण्याची, पद्धत तिथे लोकसभेच्या प्रतिकृतीत वापरतात. तो वेगळा उपक्रम आहे, त्याच्या जागी तो चांगलाच आहे. पण लोकसभेच्या नियमांत असा कॉकस नाही. आपल्याकडे चर्चेचा वेळ कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि तो पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटला जातो. लहान पक्षाच्या सदस्याला तीन मिनिटांत आपले म्हणणे का उरकावे लागते, हे मुलांना तसे वाटप करूनच कळेल. शिवाय लिहिलेले भाषण अध्यक्षांच्या परवानगीशिवाय वाचता येत नाही, हा लोकसभेचा नियम मोबाइलमध्ये बघून बोलणाऱ्यांना आधीच सांगावा.

शिक्षक म्हणतात, ‘सर, संहिता काढून घेतली तर मुले गोंधळतील, पाहुण्यांसमोर शोभा होईल.’ दोन वर्षांपूर्वी एका ग्रामीण महाविद्यालयाने ही जोखीम घेतली, तेव्हा मी परीक्षक होतो. सार्वजनिक ग्रंथालयाच्या वर्गणीविषयीचे विधेयक होते. वर्गणी वाढवणाऱ्या खंडावर समसमान मते पडली. अध्यक्ष झालेली मुलगी सत्ताधारी पक्षातून निवडून आलेली. तिने सचिवाला नियम विचारला : एरवी अध्यक्ष मत देत नाहीत, समसमान झाली तरच निर्णायक मत देतात आणि ते ‘जैसे थे’च्या बाजूने देण्याचा संकेत आहे. तिने खंडाच्या विरोधात मत दिले. खंड पडला. तिच्याच पक्षाची मुले चिडली, जेवणाच्या पंगतीतही वाद चालू होता. चहापाण्याला उशीर झाला, पाहुणे भाषण न करताच गेले. सभागृह कशाला म्हणतात ते मात्र त्या दिवशी मुलांना दिसले.

माझ्या मागण्या साध्या आहेत. विधिमंडळ सचिवालयाने आपल्या कार्यपद्धतीच्या नियमांची चार पानी मराठी आवृत्ती विद्यार्थ्यांसाठी काढावी. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात होणाऱ्या संसदीय अभ्यासवर्गाला जी मुले जातात, त्यांच्याकडून ती आधी तपासून घ्यावी. विद्यापीठांनी आणि शिक्षण विभागाने स्पर्धांच्या गुणपत्रिकेत अभिनयाचे गुण कमी करून आयत्या वेळच्या पुरवणी प्रश्नांना, दुरुस्त्यांना आणि अध्यक्षांच्या निर्णयांना गुण द्यावेत. सचिव आणि कामकाजाची नोंद घेणारे प्रतिवेदक यांनाही बक्षीस असावे, कारण आज सगळ्यांना मुख्यमंत्रीच व्हायचे असते. आणि ज्या संस्थेने विधेयकाचा निकाल आधी लिहून आणला असेल, तिला स्पर्धेत धरू नये. आपल्या दैनिकाने संविधान दिनाच्या आधी अशा नियमावलीचा एक नमुना छापला तर यंदाच्याच तयारीत शिक्षकांना तो वापरता येईल.

आपला,
राज्यशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा